फुटकं रिटर्न, रिकामा खोका आणि चिडलेला ग्राहक: मराठवाड्यातल्या ऑनलाइन विक्रेत्यांचे नेहमीचे प्रश्न

घरातल्या एका टेबलावरून माल पाठवणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. पैठणची पैठणी असो, छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल, वसमतची हळद किंवा तुळजापूरची कवड्यांची माळ, ग्राहकाने ‘रिटर्न’ दाबलं की पुढचे प्रश्न सारखेच असतात. मोठ्या विक्रेत्यांकडे त्यासाठी पगारी माणसं असतात. आपल्याकडे दुपारचं जेवण उरकून मोबाइल हातात घेणारं एकच माणूस असतं.

ग्राहकाने रिटर्न टाकलंय. मी नाही म्हणू शकतो का?

आधी रिटर्नचं कारण बघा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्यासाठी वेगळा नियम आहे. माल सदोष, कमी किंवा बनावट निघाला, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचला, तर परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने, म्हणजे पूर वगैरेमुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातली पाटी इथे चालत नाही.

‘आवडलं नाही’, ‘घरच्यांनी नको म्हटलं’ या रिटर्नची सक्ती मात्र कायदा करत नाही. ती सक्ती तुम्ही नोंदणी करताना न वाचता मान्य केलेल्या अटींमधून येते. त्यामुळे अशा रिटर्नवर कायद्याची कलमं लिहून पाठवण्यात अर्थ नाही. तुमच्या प्रकारच्या मालाला रिटर्नची किती दिवसांची मुदत आहे, ती बदलून मिळते का, ‘फक्त बदलून देऊ’ हा पर्याय आहे का, हे पॅनलवर, म्हणजे मार्केटप्लेसवरच्या तुमच्या विक्रेता खात्यात, शोधा.

आरटीओ आणि ग्राहकाचं रिटर्न यात फरक काय? दोन्हीत माल परतच येतो ना?

येतो, पण क्लेम, म्हणजे भरपाईचा अर्ज, वेगळा लागतो. आरटीओ म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, पार्सल ग्राहकाच्या हातात पडलंच नाही: पत्ता सापडला नाही, फोन उचलला नाही किंवा दारातूनच परत पाठवलं. अशा पार्सलमध्ये माल फुटला तर ग्राहकाने फोडला असं कुणी म्हणू शकत नाही. एक तर वाहतुकीत फुटला, नाहीतर तुमचं पॅकिंग कच्चं होतं. ग्राहकाच्या रिटर्नमध्ये पार्सल उघडलेलं असतं आणि तिसरी शक्यता येते. क्लेम भरताना चुकीचा प्रकार निवडला की अर्ज बहुधा न वाचताच फेटाळला जातो.

रिटर्न पार्सल घरी आलं. पहिलं काय करू?

उघडू नका. डिलिव्हरीवाला दहा-बारा रिटर्न एकदम आणतो, घाईत असतो आणि ‘ओटीपी द्या’ म्हणतो. आधी पार्सलं मोजा, प्रत्येकावरचा क्रमांक त्याच्या यादीशी जुळवा, मगच ओटीपी सांगा. खोका दबलेला, ओला किंवा दुसऱ्या टेपने पुन्हा चिकटवलेला दिसला तर त्याच्या समोरच फोटो काढा. त्याच्या ॲपमध्ये किंवा कागदावर शेरा मारायची सोय असेल तर मारायला लावा. तो कुरकुर करेल. करू द्या, चहा विचारला की थांबतो.

त्यानंतर व्हिडिओ. मोबाइल स्टँडवर वरून लावा, हातात धरू नका. लेबल वाचता येईल असं दाखवा, खोका सगळ्या बाजूंनी फिरवा, वजनकाट्यावर ठेवून आकडा दाखवा, मग कापा. आतली वस्तू बाहेर काढून उलटसुलट दाखवेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. मध्ये कट आला की व्हिडिओ गेला. दारावरची बेल वाजली तरी वाजू द्या.

वजनाला मी सगळ्यात जास्त किंमत देतो. तुमचा व्हिडिओ तुमचा पुरावा आहे, त्यावर शंका घेता येते. पण पार्सल जाताना आणि परत येताना कुरिअरच्या केंद्रात वजन झालेलं असेल तर ते त्यांचेच आकडे. जाताना ७४० ग्रॅम आणि येताना ३१० असेल तर त्यांनाच उत्तर द्यावं लागतं. त्या नोंदी क्लेममध्ये नेहमी मागा.

फाइल ऑर्डर क्रमांकाच्या नावाने मूळ स्वरूपात ठेवा. व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे पाठवलेली प्रत दबते आणि तिच्यातली तारीख-वेळेची माहितीही जाते. किती दिवस ठेवायची? ग्राहक आयोगात तक्रार करायला ग्राहकाला साधारण दोन वर्षं असतात. महागड्या ऑर्डरचे व्हिडिओ तेवढा काळ सांभाळा; दोनशे रुपयांच्या मालाचे रिटर्नची मुदत संपून पैसे जमा झाले की काढून टाकायला हरकत नाही.

पैठणी पाठवली आणि दुसरीच साडी परत आली. माझीच नाही हे सिद्ध कसं करू?

परत आल्यावर सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं. ते पाठवतानाच करून ठेवावं लागतं.

हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदरावरची नक्षी मागून-पुढून जवळपास सारखी दिसते, कारण रंगीत धागे नक्षीपुरतेच गुंतवत विणतात. यंत्रमागाच्या नकलेत उलट्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. अदलाबदल करणारा बहुतेक वेळा यंत्रमागाचीच साडी परत पाठवतो. म्हणून पदराची उलटी बाजू, काठाचा कोपरा आणि सिल्क मार्कचं (शुद्ध रेशमाच्या खुणेचं) लेबल असेल तर त्यावरचा क्रमांक यांचे जवळून फोटो घ्या. शिवाय काठाच्या आतल्या बाजूला ठरलेल्या रंगाचा एक बारीक टाका घाला आणि त्याचा रंग वहीत ऑर्डरसमोर लिहा. नेसल्यावर दिसत नाही, कापडाला इजा नाही, आणि परत आलेल्या साडीवर तो नसला तर बोलायला जागा राहत नाही.

‘टॅग काढला तर रिटर्न नाही’ ही अट लिहायला हरकत नाही, पण ती फक्त मत बदललेल्या ग्राहकापुरती आहे. साडीत खरंच जरीची तार तुटलेली असेल तर टॅग काढला म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही.

ग्राहक म्हणतात, फोटोतला रंग वेगळा आहे. हे माझ्या अंगावर का येतं?

कारण ते बऱ्याचदा खरं असतं. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. उन्हात जांभळी दिसते ती ट्यूबलाइटखाली मोरपंखी होते. तुम्हाला आणि विणकराला हे माहीत आहे, नाशिक-पुण्याच्या ताईंना नसतं. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाखाली रिटर्न आला की तुम्ही हरणार हे धरून चाला.

उपाय भांडण्याचा नाही, फोटोचा आहे. सकाळच्या उजेडात एक, घरातल्या दिव्याखाली एक, आणि पदर हलवतानाचा छोटा व्हिडिओ. रंगाच्या नावापुढे ‘धूपछाव, उजेडाप्रमाणे छटा बदलते’ असं मराठीत आणि हिंदीत लिहा. मोबाइलचे फिल्टर बंद ठेवा. फिल्टरने खुललेली हिमरू शाल दोन दिवस विकली जाते आणि पुढचे पंधरा दिवस परत येत राहते.

माल फुटला, सांडला, भिजला. पैसे कुणी सोसायचे?

डिलिव्हरी मार्केटप्लेसची असेल तर क्लेममध्ये पहिला प्रश्न पॅकिंगचा येतो. त्यांच्या मापदंडाप्रमाणे पॅकिंग होतं हे दाखवता आलं तर भरपाईची शक्यता आहे, नाहीतर नाही. स्वतः पाठवत असाल तर ग्राहकापुढे जबाबदार तुम्ही. नंतर तुम्ही वाहतूकदाराकडे मागायचं. ट्रान्सपोर्टच्या ट्रकने मोठा माल पाठवला असेल तर रस्ते वाहतूकदारांच्या २००७ च्या कायद्यात एक मुदत आहे: बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला दिली नाही, तर पुढे दावा करता येत नाही. फोनवर दिलेल्या शिव्या नोटीस धरल्या जात नाहीत.

आपल्याकडचं हवामानही हिशेबात घ्या. एप्रिल-मे महिन्यांत बंद टेम्पोत माल तासन्‌तास तापतो. गूळ पाघळतो, पेढ्याला तेल सुटतं. कुंथलगिरीचा पेढा उन्हाळ्यात लांबच्या राज्यात पाठवणं हा धंदा नाही, जुगार आहे. मी तरी त्या दोन महिन्यांत लांबचे पिनकोड बंद ठेवतो. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि हळदीच्या गाठी होतात. हळदीला आतली पिशवी गरम सीलची, बाहेर दुसरी पिशवी, मग खोका. वरून ‘नाजूक’ लिहिण्यावर फार विसंबू नका, पार्सल फेकणारा ते वाचत नाही.

खाण्याच्या वस्तूचं रिटर्नच नसतं, मग मला काय चिंता?

चिंता जास्तच आहे. अशा वस्तू सहसा परत घेतल्या जात नाहीत, पण तक्रार आली की ग्राहकाला थेट पैसे परत दिले जातात. तुमचा मालही जातो आणि पैसेही. त्यात मुदतीचा प्रश्न. ग्राहकाच्या हातात पडताना टिकण्याच्या मुदतीपैकी किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयने (अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने) ई-कॉमर्स कंपन्यांना बजावलं आहे. म्हणून वसमतहून गुवाहाटीला जाणारी हळद गोदामातल्या सगळ्यात ताज्या लॉटमधून द्या. जुना लॉट आधी खपवायची सवय इथे अंगाशी येते.

परत आलेलं खाद्य पाकीट, सील न तुटलेलं दिसलं तरी, पुन्हा विकू नका.

खोक्यात दगड किंवा जुना कपडा निघाला. क्लेममध्ये काय लिहू?

थोडकं आणि आकड्यांत. राग व्हिडिओत दिसतोच, मजकुरात नको. असं काहीतरी:

‘ऑर्डर क्रमांक अमुक. पाठवताना वजन ७४० ग्रॅम, परत येताना ३१० ग्रॅम. पाठवलेल्या साडीच्या काठाला हिरवा टाका आहे, पहिला व्हिडिओ १ मिनिट १० सेकंदाला बघावा. परत आलेल्या खोक्यात साडी नाही, जुना कपडा आहे, दुसरा व्हिडिओ ४५ व्या सेकंदाला बघावा. कुरिअरच्या दोन्ही वजनांची नोंद तपासून पूर्ण भरपाई द्यावी.’

एवढंच. सेकंद लिहिणं महत्त्वाचं, कारण समोरचा माणूस चार मिनिटांचा व्हिडिओ बघत बसत नाही. पॅनलवर इंग्रजीत लिहावं लागलं तर हीच वाक्यं सोप्या इंग्रजीत घाला.

ॲमेझॉनवर याला सेफ-टी क्लेम म्हणतात, फ्लिपकार्टवर एसपीएफ (सेलर प्रोटेक्शन फंड). मुदती अधूनमधून बदलतात, मालाच्या प्रकाराप्रमाणेही वेगळ्या असतात. शेजाऱ्याने सांगितलेल्या दिवसांवर जाऊ नका, पॅनलवर वाचा. आणि रविवारसकट सगळे दिवस मोजा.

क्लेम फेटाळला. पुन्हा टाकू का?

तोच मजकूर पुन्हा टाकला तर तेच उत्तर येतं. फेटाळण्याचं कारण वाचा. ‘पुरावा अस्पष्ट’ असेल तर लेबलचा स्वच्छ फोटो वेगळा जोडा. ‘पॅकिंग अयोग्य’ असेल तर पाठवतानाचा व्हिडिओ. नवीन काही जोडण्यासारखं नसेल तर सोडून द्या.

इथे माझं मत जरा कडक आहे. साडेतीनशे रुपयांच्या कुर्त्यासाठी तीन दिवस पॅनलवर तिकिटं (तक्रारी) उघडणारे लोक मी बघतो. त्या वेळात चार ऑर्डर पॅक होतात. कुठल्या रकमेच्या खाली लढायचं नाही हे आधीच ठरवून भिंतीवर लिहा. मात्र एकच कुरिअर केंद्र किंवा एकच पिनकोड वारंवार येत असेल तर छोट्या रकमाही एकत्र करून तक्रार करा. तिथे पैशापेक्षा घडणारा प्रकार थांबवणं महत्त्वाचं.

ग्राहकाला थेट फोन करून समजावू का?

मार्केटप्लेसच्या संदेशातूनच बोला. बाहेर बोललेलं तुमच्या बाजूने मोजलं जात नाही, उलट नियमभंग म्हणून खात्यावर डाग लागू शकतो. आणि ‘आधी रेटिंग बदला, मग पैसे’ हे कधीही लिहू नका. पार्सलमध्ये ‘पाच स्टार द्या, पन्नास रुपये मिळवा’ अशी चिठ्ठी टाकणारे बरेच आहेत. खातं बंद पडायला ती एक चिठ्ठी पुरते. नातेवाइकांकडून ग्राहक असल्याचं भासवून परीक्षणं लिहून घेणंही नको. विक्रेत्याने स्वतः ग्राहक बनून परीक्षण लिहायला तर २०२० च्या नियमांतच मनाई आहे.

चिडलेल्या ग्राहकाला पहिलं उत्तर असं जमतं: ‘नमस्कार ताई, शालीला डाग दिसतोय, फोटो बघितला. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. रिटर्न मंजूर केलं आहे. पॅकिंगचा खोका असेल तर कृपया त्याच्यातच द्या.’ चूक कुणाची यावर यात एक शब्दही नाही. ती चर्चा कुरिअरशी करायची, ताईंशी नाही.

तक्रार निवारण अधिकारी नेमा म्हणतात. मी एकटीच काम करते, अधिकारी कुठून आणू?

बहुतेक छोटे विक्रेते स्वतःचं किंवा घरातल्याच कुणाचं नाव आणि नंबर देतात. नाव कुणाचंही द्या, वेळ पाळा: ग्राहकाची तक्रार आली की ४८ तासांत पोच, एक महिन्यात निकाल. पोच म्हणजे ‘तक्रार मिळाली, बघतो’ एवढी ओळही चालते, पण ती तारखेसह गेली पाहिजे.

ग्राहक नागपूरचा, मी हिंगोलीचा. त्याने ग्राहक आयोगात खेचलं तर?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या मालाला त्याला फीसुद्धा लागत नाही. म्हणजे त्याला तक्रार करणं फुकट आणि तुम्हाला उत्तर देणं खर्चाचं. आता अर्ज आणि उत्तरं ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून ऑनलाइन जातात, व्हिडिओवरून सुनावणीही होते, त्यामुळे प्रत्येक तारखेला एसटी पकडायची वेळ येईलच असं नाही.

नोटीस आली की दुर्लक्ष मात्र करू नका. लेखी उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं, आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. त्यापलीकडे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘वकील गावाला गेले होते’ हे कारण चालत नाही. उत्तर न देणाऱ्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागतो.

व्हिडिओ पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. कुठल्या मोबाइलवर, कधी, कसं रेकॉर्ड केलं हे त्यात येतं. वकिलाकडून ते आठवणीने मागा. आणि चूक खरंच तुमच्याकडची असेल तर पहिल्याच तारखेला तडजोडीचा प्रस्ताव ठेवा. आयोगात मध्यस्थीची सोय आहे.

बऱ्याच तक्रारी त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर येतात. तिथून आलेल्या मेलला त्याच दिवशी उत्तर गेलं तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

मार्केटप्लेसने माझेच पैसे अडकवले. मी ग्राहक आयोगात जाऊ का?

धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ‘ग्राहक’ म्हणून दाद मागता येत नाही. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यात अपवाद आहे, पण तो तुम्हाला लागू होतो की नाही यावरच पहिली काही वर्षं जाऊ शकतात. शिवाय करारात लवादाची आणि दुसऱ्या शहरातल्या न्यायालयाची अट असू शकते, ती आधी वाचा. रक्कम मोठी असेल तरच वकिलाकडे जा.

परत आलेल्या मालाचा जीएसटी कसा धरायचा?

माल परत आला की क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद, काढा आणि ती त्या महिन्याच्या जीएसटी विवरणपत्रात दाखवा. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंतच ती दाखवता येते. मार्केटप्लेस तुमच्या पैशातून आधीच कापतो तो कर, म्हणजे टीसीएस (१० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के), परत आलेला माल वजा जाता उरलेल्या विक्रीवर असतो. पॅनलचा आकडा आणि तुमची वही जुळत नसेल तर बहुधा कुठल्यातरी रिटर्नची नोंद दुसऱ्या महिन्यात गेलेली असते.

सहसा विसरली जाणारी बाब वेगळीच आहे. फुटलेला माल फेकून दिला, हिशेबातून काढून टाकला, तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं. तोच माल ‘सेकंड’ म्हणून स्वस्तात विकला तर त्या विक्रीवर कर लावा, क्रेडिट राहतं. म्हणून डाग पडलेली शाल कचऱ्यात टाकण्याआधी प्रदर्शनात किंवा ओळखीत ‘डाग आहे’ असं सांगून विकता येते का ते बघा.

जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून मार्केटप्लेसवर माल विकता येतो, पण फक्त राज्यातल्या राज्यात. विक्री कमी होते, आणि रिटर्नही महाराष्ट्रातूनच येतं.

‘रिटर्न विभागातून बोलतोय’ म्हणून फोन येतो आणि ओटीपी मागतात. देऊ का?

नाही. तुमचं सेटलमेंट (विक्रीचे जमा व्हायचे पैसे) अडकलंय, क्यूआर स्कॅन करा, असंही सांगतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलात तर लगेच, त्याच तासात, १९३० ला फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

एकच ग्राहक पुन्हा पुन्हा फसवतोय. पोलिसांत जाऊ का?

रक्कम मोठी असेल आणि अदलाबदल व्हिडिओत स्पष्ट दिसत असेल तर जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक येते. ठाण्यात ‘हा कंपनीचा विषय आहे’ असं ऐकायला मिळू शकतं. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्राहकाचं नाव, पत्ता, फोटो मात्र विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, त्यात तुम्हीच अडकाल. लहान रकमांसाठी पॅनलवरून त्या ग्राहकाची तक्रार करा, आणि जिथून आरटीओ सारखं येतं त्या पिनकोडला कॅश ऑन डिलिव्हरी बंद करता येत असेल तर करा.

सेटलमेंटमधून नक्की किती कापलं हे कळतच नाही. कुठून बघू?

महिन्यातून एकदा सेटलमेंट शीट उतरवून घ्या आणि फक्त परत आलेल्या ऑर्डर गाळा. प्रत्येकीसमोर तीन रकाने तपासा: उलट वाहतुकीचा खर्च कुणावर टाकला, कमिशन परत आलं का, आणि माल खरंच तुमच्याकडे पोचला का. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त पैसे सापडतात. ग्राहकाला रिफंड गेलेला असतो, पॅनलवर ‘रिटर्न पूर्ण’ लिहिलेलं असतं, आणि पार्सल तुमच्या दारात आलेलंच नसतं. ट्रॅकिंगमध्ये ‘डिलिव्हर्ड’ दिसत असेल तर डिलिव्हरीचा पुरावा, म्हणजे सही किंवा ओटीपीची नोंद मागा. तो देता आला नाही तर हरवलेल्या पार्सलचा क्लेम तिथल्या तिथे टाका.